महाड-पोलादपूरकडे घराच्या वायरिंगचा खर्च: अनुभवाचे बोल

घराच्या विद्युत कामाचा खर्च चार ठिकाणी होतो. भिंतीत आणि स्लॅबमध्ये जाणारा माल (पाईप, बॉक्स आणि वायर), डीबी म्हणजे सर्किटांना वीज वाटणारी पेटी आणि त्यातली संरक्षक उपकरणे, अर्थिंग, आणि मजुरी. महावितरणकडे भरायची रक्कम हा पाचवा भाग, आणि तो बहुतेक अंदाजपत्रकांत दिसतच नाही. स्विचच्या रंगीत प्लेटा, पंखे, दिवे यांचा हिशेब या सगळ्यानंतरचा. दुकानात गेले की नजर आधी तिकडेच जाते आणि पैसाही तिकडेच जातो. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत तसे करून भागत नाही. इथे एका अंगाला सावित्री, गांधारी आणि काळ नदीचे पाणी आहे, दुसऱ्या अंगाला सह्याद्रीचा कातळ. डीबीची जागा पाणी ठरवते, अर्थिंगचा खर्च कातळ ठरवतो, आणि या दोन गोष्टी पक्क्या झाल्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ नसतो.

महाड शहरात अंदाजपत्रकाची सुरुवात पुराच्या रेघेपासून करावी. २२ जुलै २०२१ च्या पुरात बाजारपेठेसह शहराच्या सखल भागातले तळमजले पाण्याखाली गेले, काही ठिकाणी पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढले. २००५ च्या जुलैतला पूर ज्यांनी पाहिला होता त्यांनाही ही पातळी नवी होती. सावित्रीची महाडची इशारा पातळी ६ मीटर आणि धोका पातळी ६.५० मीटर धरली जाते. पावसाळ्यात हे आकडे रोज कानावर पडतात. मात्र नदीवरच्या मोजपट्टीचा आकडा आपल्या उंबऱ्यावर किती फूट पाणी येईल ते सांगत नाही. त्यासाठी आळीतल्या जुन्या भिंतीवरची, खांबावरची खूण शोधावी आणि गवंड्याच्या लेव्हलच्या नळीने ती आपल्या भिंतीवर उतरवून घ्यावी. नळीत पाणी भरून दोघांनी धरले की काम लगेच होते, आणि खर्चाचा सगळ्यात मोठा निर्णय त्या एका रेघेवर घेता येतो.

पाण्यात बुडालेल्या वायरिंगचे काय होते, हे प्रस्तुत लेखकाच्या महाडच्या घरात जवळून पाहायला मिळाले. हॉलमधल्या बोर्डाची प्लेट काढली तेव्हा लोखंडी बॉक्सच्या तळाशी लोण्यासारखा मऊ गाळ बसला होता. पितळी स्क्रूंवर हिरवट थर चढला होता. वायरचे टोक सोलले तर आतले तांबे काळे पडलेले. आणखी वीतभर मागे सोलले, तरी काळेच. बारीक तारांच्या पिळातून पाणी आवरणाच्या आत चढत जाते, त्यामुळे बाहेरून स्वच्छ दिसणारी वायरही आतून खराब झालेली असते. छतातून उभ्या खाली आलेल्या पाईपांतल्या वायरी ओढून काढता आल्या आणि त्याच पाईपांतून नव्या घालता आल्या. फरशीखालून गेलेले पाईप मात्र गाळाने बुजले होते. ते सोडून द्यावे लागले आणि तिथे भिंतीवरून केसिंग-कॅपिंगची पट्टी फिरवावी लागली. जिन्याखालचा डीबी आतल्या सर्व एमसीबींसह (जादा प्रवाह तोडणाऱ्या स्विचांसह) टाकून दिला. बुडालेला एमसीबी किंवा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) वाळवला की चालू होतो खरा, पण वेळ आली की पडेल याची खात्री उरत नाही. असे उपकरण बदललेच पाहिजे.

यावरून खर्चाची पहिली पाने ठरतात. दुमजली घर असेल तर डीबी वरच्या मजल्यावर घ्यावा. मीटरपासून वरपर्यंतची मुख्य वायर काही मीटरने वाढते, पण एका पुरानंतर अख्खा डीबी बदलण्यापेक्षा ही वाढ फार थोडी आहे. तळमजल्याची सर्व सर्किटे वेगळ्या आरसीसीबीवर ठेवावीत, म्हणजे पाणी ओसरल्यावर खालचा भाग बंद ठेवून वरच्या मजल्यावर दिवे-पंखे चालवता येतात. इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी वरच असावी. तळमजल्यावरचे प्लग कमरेच्या वर, चार-साडेचार फुटांवर घ्यावेत आणि प्रत्येक पाईप छताकडून खाली उतरावा. फरशीखालून एकही नेऊ नये. घर एकमजली असेल तर डीबी सहा-साडेसहा फुटांवर बसवता येतो. मात्र घरात वयस्कर माणसे असतील तर मुख्य स्विच त्यांच्या हाताला आला पाहिजे, म्हणून भिंतीलगत एखादी पक्की पायरी किंवा कट्टा लागतो आणि तोही गवंडीकामाच्या खर्चात लिहावा लागतो. दहा फूट पाण्यापुढे यातले काहीच टिकत नाही. पण दरवर्षी उंबऱ्याशी किंवा गुडघ्याएवढे येणाऱ्या पाण्यापासून घर वाचते, आणि असे पाणी पाहणारी घरेच जास्त आहेत. मीटरची जागा महावितरण ठरवते. ती उंचावर हवी असल्यास अर्ज करतानाच सांगावे, बसल्यावर हलवायला पुन्हा पैसे लागतात.

डोंगराकडच्या वाड्यांचा प्रश्न निराळा आहे. २०२१ च्या त्याच २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळियेवर आणि पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे व साखर सुतारवाडीवर दरडी कोसळल्या. ज्या वाडीचे पुनर्वसन ठरलेले आहे किंवा जी दरडीच्या छायेत आहे, तिथे भिंती फोडून कन्सील्ड वायरिंग करण्यात पैसा घालू नये. पाईप किंवा पट्टी भिंतीवरून घ्यावी आणि डीबी स्क्रूवर बसवावा. घर हलले तर डीबी, आरसीसीबी, स्विच आणि बरीचशी वायर सोबत नेता येते. कौलारू घराला तर स्लॅबच नसतो. वासे आणि आढ्याच्या कडेने वायर जाते, तिथे उंदीर-घुशींचा वावर असतो, आणि चुलीचा धूर वर्षानुवर्षे आवरणावर बसतो. अशा घरात मोकळी वायर खिळ्यांना बांधून नेणे म्हणजे आगीला वाट करून देणे आहे. जाड पीव्हीसी पाईप थोडा महाग पडतो, पण उंदराचे दात त्यावर सहज चालत नाहीत.

जुन्या घरांत अजून सागवानी पट्टीवरची वायरिंग, चिनीमातीचे फ्यूज आणि कुठे कुठे अ‍ॅल्युमिनियमची वायर सापडते. तिचा थोडा भाग ठेवून थोडा बदलण्याचा मोह होतो, कारण अंदाजपत्रक निम्म्यावर येते. पण अ‍ॅल्युमिनियम आणि तांबे यांचा नुसता पीळ मारलेला जोड दमट हवेत सैल होतो आणि तापतो, आणि सह्याद्रीच्या पायथ्याला पावसाळ्यात हवा कोरडी नसतेच. जुने घर एकदम करणे झेपत नसेल तर खोल्यांच्या हिशेबाने टप्पे पाडावेत: आधी डीबी आणि अर्थिंग, मग स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, मग बाकीच्या खोल्या. एकाच सर्किटवर अर्धी जुनी, अर्धी नवी वायर असा टप्पा पाडू नये.

यानंतर भार मोजायचा. या भागातली कित्येक घरे वर्षभर बंद किंवा अर्धी बंद असतात आणि गौरी-गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात भरतात. मुंबई-पुण्याहून चाकरमानी आले की एरवी दोन माणसांच्या घरात पंधरा माणसे असतात. म्हणून भार सरासरी दिवसाचा धरू नये, गणपतीतल्या सकाळचा धरावा. गीझर २,००० वॅटचा असला तर २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर घेतो. इंडक्शन शेगडीही तेवढीच. एक अश्वशक्तीचा पंप चालताना पाच-सहा अँपिअर, फ्रीज आणि मिक्सर मिळून तीन-चार, पंखे-दिवे आणि मखराची रोषणाई तीन. हे सगळे एकाच वेळी चालू झाले की बेरीज ३० अँपिअरच्या आसपास येते. दीड टनाचा एसी असेल तर त्याचे सात-आठ अँपिअर वर. एवढ्या घराला सिंगल फेज आणि ४० अँपिअरचा मुख्य स्विच पुरतो, पण एसी धरला की फारशी जागा उरत नाही. दोन एसी किंवा मोठा पंप लावायचा विचार असेल तर थ्री फेजचा खर्च आताच धरावा, कारण नंतर मुख्य वायर, डीबी आणि मीटर तिन्ही बदलावी लागतात.

वायरच्या जाडीबद्दल घरगुती कामात फारसा वाद नाही. दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर, साध्या प्लगना २.५, गीझर, एसी आणि स्वयंपाकघरातल्या मोठ्या प्लगना ४, मीटरपासून डीबीपर्यंत ६ किंवा अंतर जास्त असेल तर १०, सगळी तांब्याची. चूक लांबीत होते. घरमालक टेपने दहा मीटर मोजतो आणि दहा मीटर वायर लिहितो. प्रत्यक्षात फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन वायरी त्या वाटेने जातात. उदाहरणार्थ, डीबीपासून न्हाणीघरातला गीझर सरळ आठ मीटरवर आहे. भिंतीतून वर जाणे, खाली येणे आणि दोन्ही टोकांना बॉक्समध्ये सोडायची वायर धरली की वाट बारा मीटरची होते. तीन वायरींचे ३६ मीटर झाले. वायरचे बंडल साधारण ९० मीटरचे असते, म्हणजे एका गीझरला बंडलाचा ४० टक्के भाग लागला. प्रत्येक सर्किटचा असा हिशेब कागदावर केला की मग किती बंडले लागतील ते कळते, आणि वायरमनने सांगितलेला आकडा बरोबर आहे की फुगवलेला तेही कळते.

दरांचा आकडा इथे मुद्दाम दिलेला नाही. तांब्याचा भाव हलतो तशा कंपन्या आपल्या दरपत्रिका बदलतात, आणि छापील किमतीवर दुकानदार देतो ती सूट दर दुकानी वेगळी असते. म्हणून सूट किती हे विचारू नये. १८ टक्के जीएसटीसह हातात पडणारा दर विचारावा आणि तो किती दिवस टिकेल ते लिहून घ्यावे. महाडच्या बाजारपेठेतला दर पनवेल-मुंबईपेक्षा थोडा चढा दिसला तरी महामार्गाने माल आणण्याचे भाडे, आणि चुकीचा माल परत करायची सोय, हे मिळवून पाहावे. बंडलावर आयएसआय चिन्ह आणि आयएस ६९४ हा मानक क्रमांक असला पाहिजे, लांबी छापलेली असली पाहिजे, आणि बिल पक्के असले पाहिजे. कमी लांबीची आणि बारीक तारांची बंडले बाजारात असतात. एकाच जाडीची दोन बंडले हातात तोलून पाहिली तरी वजनातला फरक कळतो.

पोलादपूरकडे लांबीचा आणखी एक अर्थ असतो. घरे डोंगरउतारावर विखुरलेली, विहीर किंवा ओढा खाली, पंप तिथे. घरापासून ६० मीटरवरच्या पंपाला १.५ ची वायर टाकली तर जाणे-येणे धरून तिचा रोध सुमारे दीड ओहम होतो. पंप चालताना सहा अँपिअर घेतो तेव्हा नऊएक व्होल्ट वाटेत जातात, ते चालून जाते. पण सुरू होताना मोटार चार-पाच पट प्रवाह ओढते. ३० अँपिअर धरले तर चाळीसहून जास्त व्होल्ट वायरच खाते. लाईनच्या टोकाच्या वाडीवर संध्याकाळी घरातच २०० व्होल्ट असतील तर मोटारीला १५५ च्या आसपास मिळतात. ती घुमते, फिरत नाही, आणि गुंडाळी जळते. ४ चौरस मिलिमीटरची वायर घातली तर तीच घट १६-१७ व्होल्टवर येते. वायरीच्या किमतीतला फरक आणि मोटार भरून आणण्याचा खर्च शेजारी शेजारी लिहून पाहावा. जमिनीतून न्यायची असेल तर ही केबल पोलादी पट्टीच्या संरक्षणाची घ्यावी.

डीबी विकत घेताना तो गरजेपेक्षा मोठा घ्यावा. दिव्यांची दोन सर्किटे, साध्या प्लगची दोन, स्वयंपाकघर, गीझर, एसी, पंप आणि इन्व्हर्टर मिळून नऊ झाली. त्यात दोन-तीन रिकाम्या जागा हव्यातच, शिवाय मुख्य स्विच आणि आरसीसीबी प्रत्येकी दोन जागा घेतात. आठ जागांचा डीबी स्वस्त म्हणून घेतला की दोन-तीन वर्षांत दोन सर्किटे एका एमसीबीखाली कोंबली जातात आणि संरक्षण निघून जाते. एमसीबी वायरीच्या मापाचा हवा: १.५ ला ६ किंवा १०, २.५ ला १६, ४ ला २० किंवा २५ अँपिअर. एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठा बसवणे हे फ्यूजला जाड तार बांधण्यासारखेच आहे. भिंतीतली वायर मग बेवारशी होते. पीएम सूर्यघर योजनेतून छतावर सौर पॅनेल बसवायचा विचार असेल, तर छतापासून डीबीपर्यंत एक रिकामा पाईप गिलाव्याआधी टाकून ठेवावा. त्याला नाममात्र खर्च येतो, आणि नंतर भिंत फोडावी लागत नाही.

मे महिन्याच्या वळवात आणि ऑक्टोबरात विजा पडतात, पावसाळ्यात झाडे तारांवर येतात. तारांमधला न्यूट्रल तुटला तर घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो आणि टीव्ही, फ्रीज, एलईडी दिवे एका क्षणात जातात. विजेच्या लाटेसाठी एसपीडी आणि जास्त-कमी दाबासाठी स्वतंत्र संरक्षक उपकरण डीबीतच बसते. ही दोन्ही अंदाजपत्रकातून सगळ्यात आधी खोडली जातात. पैसे कमी पडत असतील तर स्विचच्या प्लेटा साध्या घ्याव्यात, ही दोन खोडू नयेत.

अर्थिंगवर अधिक थांबायला हवे, कारण या भागात ते सगळ्यात जास्त फसते. गावच्या घरात खांबावरून बहुधा दोनच तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. अर्थ आपला आपण करायचा असतो. रीतीप्रमाणे अडीच मीटर लांबीचा जस्तलेपित पाईप जमिनीत उभा जातो, भोवती कोळसा आणि मीठ भरतात, वर पाणी घालायला चेंबर ठेवतात. काळ्या मातीच्या गावात हे एका दिवसाचे काम आहे. पोलादपूर तालुक्यातल्या वडिलोपार्जित घरी, प्रस्तुत लेखकाच्या देखत, खड्डा कमरेएवढा झाला तोवर लाल माती आणि मुरूम निघाला, आणि मग पहारीचा आवाज बदलला. खाली काळा पाषाण होता. ‘एक अर्थिंग’ म्हणून ठरलेल्या पैशात पाईप अर्धा कापून पुरायची तयारी तिथल्या तिथे सुरू झाली होती. वरून चेंबर बांधून झाकण ठेवले की आत पाईप किती आहे हे कोणालाच कळत नाही.

अर्धा पाईप का चालत नाही, हे आकड्यांनी समजते. समजा अर्थचा रोध १० ओहम आहे, आणि कातळात तो याहून कितीतरी जास्त येतो. गीझरच्या भांड्याला फेज लागला तर जमिनीत जाणारा प्रवाह २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर. घरगुती कामात सर्रास वापरला जाणारा सी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडायला किमान ८० अँपिअर लागतात. २३ अँपिअरवर तो कित्येक मिनिटे तसाच राहतो, आणि तेवढा वेळ गीझरचे भांडे आणि त्याला जोडलेला नळ विजेने भारलेला असतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हा प्रश्न सोडवतो. ०.०३ अँपिअरची गळती होताच तो तुटतो. अर्थचा रोध ५०० ओहम असला तरी भांड्यावर १५ व्होल्टपेक्षा जास्त दाब टिकत नाही. म्हणून कातळाच्या गावात आरसीसीबी ही चैन नाही. तो नसेल तर तिथे अर्थिंगही पुरेसे ठरत नाही. दोन आरसीसीबी घेतले, तर एकावर दोष आला तरी घर पूर्ण अंधारात जात नाही. मात्र दोघांचे न्यूट्रल डीबीत वेगवेगळ्या पट्ट्यांवर हवेत, आणि इन्व्हर्टरचा न्यूट्रलही त्या हिशेबाने जोडलेला हवा. तसे नसेल तर आरसीसीबी विनाकारण पडत राहतो, आणि मग कोणीतरी तो काढून टाकायचा सल्ला देतो.

आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंग टाळता येत नाही. कातळ वर असेल तर उभ्या पाईपाऐवजी जस्तलेपित पट्टी मुरमाच्या थरातून आडवी चरीत टाकता येते, किंवा दोन पाईप एकमेकांपासून लांब ठोकून जोडता येतात. जागा शक्यतो न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळची घ्यावी, तिथे ओल टिकते. चरीच्या खोदाईची मजुरी मीटरवर ठरवावी, ‘एक अर्थिंग’ असे लिहू नये. घराच्या अर्थिंगचा रोध ५ ओहमच्या आत आला तर उत्तम. आणि मापन मे महिन्यात व्हावे. जुलैत इथली जमीन पाण्याने तुडुंब असते. तेव्हा घेतलेला चांगला आकडा उन्हाळ्यात खरा राहत नाही. न्यूट्रललाच अर्थ म्हणून जोडून द्यायची पद्धत काही ठिकाणी आहे. बाहेरचा न्यूट्रल तुटला की त्या घरातल्या प्रत्येक यंत्राच्या पत्र्याला फेज येतो. असे कोणी सुचवले तर त्याच्याकडून काम करून घेऊ नये.

मजुरी दोन तऱ्हांनी ठरते, पॉइंटवर किंवा ठोक. पॉइंटच्या दरात भांडण असते ते पॉइंट कशाला म्हणायचे यावर. बोर्डावरचा प्लग अर्धा पॉइंट धरायचा की पूर्ण, जिन्याचा दोन ठिकाणचा स्विच एक की दोन, पंखा टांगणे त्यात आहे की वेगळे, हे सुरुवातीला लिहिले नाही की शेवटच्या बिलात प्रत्येक ओळीवर हुज्जत होते. पोलादपूरच्या त्याच घरी अंदाज वहीच्या एका पानावर आला होता: पॉइंटची संख्या, दर, बेरीज. मीटरपासून डीबीपर्यंतची मुख्य वायर, डीबीची जोडणी, अर्थिंग, झिरी मारणे आणि बुजवणे, पंपाची लाईन, टेस्ट रिपोर्ट यातले काहीच त्या पानावर नव्हते. काम संपले तेव्हा मजुरी आणि माल मिळून खर्च अंदाजाच्या दीडपट झाला, आणि वाढलेली प्रत्येक बाब गरजेचीच होती. कारागिराने फसवले असे म्हणता येत नाही. जे विचारलेच गेले नव्हते ते त्याने लिहिले नव्हते, एवढेच. म्हणून अंदाज मागताना वर सांगितलेल्या बाबींची नावे आपणच लिहून द्यावीत आणि प्रत्येकीपुढे ‘धरले’ किंवा ‘वेगळे’ असे लिहून मागावे. वायरमन महाड, खेड किंवा माणगावहून येणार असेल तर रोजची ये-जा कोणाकडे, हेही त्यातच. पावसाळ्यात काम अडले तर दिवस कोणाच्या अंगावर, हेही.

पैसे कामाच्या टप्प्यांवर द्यावेत. स्लॅब भरण्याआधी पाईप आणि फॅन बॉक्स पडतात, गिलाव्याआधी झिऱ्या आणि बॉक्स होतात, गिलावा वाळल्यावर वायर ओढली जाते, रंगाच्या आधी डीबी भरला जातो, रंगानंतर स्विच बसतात. सुरुवातीची उचल मालापुरती असावी, मजुरीचा मोठा भाग वायर ओढून झाल्यावर, आणि किमान पाचवा हिस्सा तपासणी होऊन टेस्ट रिपोर्ट हातात पडेपर्यंत राखून ठेवावा. एकूण रकमेच्या १५ टक्के वेगळे ठेवले तर कातळ, वाढीव पॉइंट आणि भाववाढ त्यातून निघते. डोंगरातल्या वाडीवर हा आकडा २० धरलेला बरा.

वीजजोडणीसाठी महावितरणकडे अर्ज, मालकीचा पुरावा, ओळखपत्र आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. त्यानंतर येणाऱ्या कोटेशनमध्ये जोडणीचे शुल्क आणि सुरक्षा ठेव असते. काम स्वस्तात पडावे म्हणून बिनपरवान्याच्या माणसाकडून वायरिंग करून घेतले की टेस्ट रिपोर्टसाठी नंतर दुसऱ्या कोणाची सही शोधावी लागते. ती सही न पाहिलेल्या कामावर होते, आणि उद्या अपघात झाला तर विम्यालाही ती पुरत नाही. बांधकामाच्या काळातल्या तात्पुरत्या जोडणीचे बिल वेगळ्या दराने येते, ते बांधकामाच्या खर्चात धरावे. घर खांबापासून लांब असेल तर मधे खांब लागतो, त्याचा निर्णय आणि आकडा अंदाजपत्रक पक्के करण्यापूर्वीच शाखा कार्यालयातून विचारून घ्यावा. जुन्या घरात एसी किंवा गीझर वाढवताना मंजूर भारही वाढवून घ्यावा लागतो, त्याचीही रक्कम भरावी लागते.

शेवटची बाब तपासणीची. सर्व उपकरणे काढून ५०० व्होल्टच्या मेगरने वायरींचा इन्सुलेशन रोध मोजतात. तो किमान १ मेगओहम हवा, आणि नव्या कामात याहून कितीतरी पट जास्त येतो. प्लगमध्ये फेज उजवीकडेच आहे ना, स्विच फेजवरच तुटतो ना, प्रत्येक प्लगचा अर्थ डीबीपर्यंत पोचतो ना, हे एकेक करून पाहावे. आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून तो पडतो ना ते पाहावे. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचे टेप धरून काढलेले फोटो आणि डीबीच्या दाराच्या आत चिकटवलेला सर्किटांचा तक्ता, या दोन्हींना काही खर्च नाही; पुढे खिळा ठोकताना आणि दुरुस्तीला नवा माणूस आला तेव्हा ते उपयोगी पडतात. पुढच्या प्रत्येक वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात अर्थचे मापन, डीबीतले स्क्रू आवळणे, आत शिरलेल्या मुंग्या-पाली झटकून भोके बुजवणे आणि आरसीसीबीची चाचणी करून घ्यावी. बंद राहणाऱ्या घरात गणपतीला आल्यावर मेन चालू करण्यापूर्वी हेच पुन्हा करावे. वायरमनच्या अर्ध्या दिवसाची ही मजुरी घराच्या वार्षिक खर्चात, कौले चाळण्याच्या मजुरीखाली, लिहून ठेवावी.